खुणेचा कपडा

३ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन ठेवते. पुढचं वाचलंस की ते परत करावेसे वाटतील, पण एकदा दिलेला माल आमच्या लाँड्रीत परत घेत नाहीत.

मी ठणठणीत. गुडघे कुरकुरतात, पण आपल्या घराण्यात सगळेच कुरकुरे, त्यात गुडघ्यांचं काय मनावर घ्यायचं! बातमी अशी की वरच्या मजल्यावरचे घड्याळजी पुतणीकडे राहायला गेले, कायमचे. भिंग लावूनसुद्धा काटे दिसेनासे झाले, तेव्हा स्वतःच म्हणाले की आता वेळ दुसऱ्यांनी सांगावी आणि आपण ऐकावी. आबांच्या काळातला भाडेकरू रे. गाडीत बसताना माझा हात धरून रडले, आणि मीही रडले, लपवत नाही. भिंतीवरचं एक घड्याळ मला देऊन गेलेत. ते जरा पुढे पळतं.

तर वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी रिकामी झाली. रिकाम्या जागेचा वास या गल्लीत कसा पसरतो देव जाणे. दुसऱ्याच दिवशी पाहुणेवाला दारात हजर! पाहुणेवाला म्हणजे तोच, ज्यानं समोरची अख्खी इमारत घेतली आणि खोल्या पाडून एकेका रात्रीच्या भाड्यानं द्यायला काढल्या. पोरगा वाईट नाही. मला मावशी म्हणतो, त्याच्या साऱ्या चादरी माझ्याकडेच येतात. त्याचं म्हणणं, आपला मजलाही त्याला द्यावा; रंग तो लावील, दाराला आकड्यांचं कुलूप तो बसवील, मला ढुंकूनही बघायला नको. मी त्याला सांगितलं की मला बघायला आवडतं.

तू म्हणशील गल्ली होती तशीच असेल. मी गल्ली ओळखते ती कपड्यांवरून. पूर्वी सोमवारी शाळेचे गणवेश यायचे, पाववाल्याचे पिठानं पांढरे झालेले सदरे यायचे, कुणाच्या घरी बाळ झालं की दुपट्यांचे ढीग. खिसे तपासताना तिकिटं, खडूचे तुकडे, एकदा तर दुधाचा दात सापडला होता, आठवतं? तो परत करायला आबा स्वतः जिना चढून गेले होते. आता येतात त्या चादरी. पांढऱ्या, एका मापाच्या, एका वासाच्या. चादरीला खिसा नसतो. दिवसभर धुते आणि संध्याकाळी कुणाबद्दल बोलावं तर कुणीच नाही.

दुसरं विचारणं आलं ते बसवालीचं. आपल्या कोपऱ्यावरून पहाटेची पहिली बस सुटते ना, ती चालवते ती. नवरा इस्पितळात मदतनीस, दोन मुली, एक सासू. शहराच्या पार टोकाला एका खोलीत राहतात. गंमत बघ, पहिली बस चालवणारीलाच कामावर यायला बस मिळत नाही. बिचारी अंधारात सायकल मारत डेपो गाठते. तीही खोली आता मालकानं विकली आहे आणि मार्चअखेर सोडायची आहे. घड्याळजी देत होते त्याहून थोडं जास्त भाडं ती देईल. मी हो म्हणून बसले.

बसले खरी, पण आबांनी घर दोघांच्या नावावर ठेवलं आहे, त्यामुळे तुझी सही लागते. कागद सोबत आहे. सही कर, उगाच आढेवेढे घेऊ नकोस. वहिनीला आणि मनीला आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, सहीनं तो थोडा वाढेल.

तुझी ताई

०

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आशीर्वाद पोचले, ठेवून घेतले. कागद पोचला, त्यावर सही केलेली नाही.

आधी एक विनंती. मला गुंड्या लिहीत जाऊ नकोस. माझ्या हाताखाली बारा माणसं काम करतात. तिसऱ्या वर्षी एका माणसानं शर्टाची गुंडी गिळली म्हणून त्यानं ती जन्मभर मिरवायची का? परवाचं पत्र मनीनं आधी उघडलं, आणि तेव्हापासून घरात मला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही.

आता मुद्द्याचं. ताई, मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या या शहरातल्या नव्या इमारतींत मी जितका फिरतो तितका कुणी फिरत नसेल. सगळीकडे हेच चाललं आहे. पाटी लागते, जुने लोक जातात, नवे येतात, ते किती दिवस राहतात ते कुणी विचारत नाही. एक मजला बसवालीला देऊन तू गल्ली थांबवणार आहेस का? आणि राग मानू नकोस, पण त्याच पाहुण्यांच्या चादरी धुऊन तुझं दुकान चालतं. चादरी चालतात आणि पाहुणे चालत नाहीत, हे कसं?

मी पाहुणेवाल्याशी फोनवर बोललो. माणूस व्यवहारी वाटला. मजल्याबरोबर तुला मदतीला माणूस देतो म्हणाला, जड गाठोडी तुला उचलावी लागणार नाहीत. मला तेवढंच पाहिजे आहे. गेल्या वर्षी इस्त्रीनं तुझा हात भाजला, ते तू आम्हाला तो बरा झाल्यावर कळवलंस. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो. तू तिथे एकटी असतेस. उद्या तुला काही झालं आणि मला चार दिवसांनी कळलं तर मी काय करायचं, ते लिही.

बसवालीबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण जगाची काळजी घ्यायला तू एकटी पुरणार नाहीस. शांतपणे विचार कर.

हिचा नमस्कार. मनी तुझ्या बाजूला आहे असं ती स्वतः सांगते.

कळावे, लोभ असावा, आणि टोपणनाव नसावे.

तुझा धाकटा भाऊ

०

१८ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. टोपणनाव बदलायचं असेल तर आधी ती गुंडी परत कर.

चादरींचा टोमणा लागला. लागला म्हणजे बरोबर जागी लागला, म्हणून उत्तर देते. धुते, कारण पोट आहे आणि चादरीनं माझं काही वाकडं केलेलं नाही. पण एका चादरीवर कुणी झोपलं म्हणून शेजार होत नाही रे बाबा.

आपल्या दुकानातल्या खणातले रंगीत दोरे तुला आठवत असतील. प्रत्येक घराची कॉलरमागची खूण. पाववाल्याची निळी फुली. शिकवणीच्या बाईंचा हिरवा त्रिकोण. घड्याळजींचा पिवळा ठिपका, तोही सुबक. आपली लाल, दोन उभे टाके आणि एक आडवा. कुणाचा कपडा कुणाच्या गाठोड्यात गेला तरी आबा म्हणायचे, खुणेचा कपडा हरवत नाही, फार तर उशिरा सापडतो. पाववाला भाडं परवडेना म्हणून मुलाकडे गेला. बाईंचं घर मोठ्या भावानं विकलं. मी त्यांच्या खुणा दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत. म्हटलं, आलेच परत तर? वेडेपणा आहे, माहीत आहे. आता चालू खुणा दोन्ही हातांच्या बोटांवर मावतात.

आणि तुझ्या त्या फोनकडे धावण्याबद्दल. तू विचारतोस की मला काही झालं तर काय. अरे, म्हणून तर म्हणते! मी इस्त्रीपाशी पडले तर वर कोण हवं? आजच आलेला, उद्या जाणारा, कानात गाणी घातलेला पाहुणा? की पहाटे उठणारी बसवाली, इस्पितळात काम करणारा तिचा नवरा आणि दिवसभर घरात असणारी सासू? तू लिफ्टवाला ना, मग एवढा साधा हिशेब वर का चढत नाही? माझी काळजी आहे म्हणतोस आणि माझ्या डोक्यावर रिकामे पलंग आणून ठेवतोस.

बसवाली काल आली होती. मुलींनाही घेऊन आली. थोरली गप्प, धाकटी अखंड बोलते, पुढचा दात हलतो आहे आणि तो ती सगळ्यांना हलवून दाखवते. जागा नाही मिळाली तर नोकरी सोडून नवऱ्याच्या गावी जायचं ठरलं आहे. गावात तिला बस कोण देणार? चौदा गाड्यांच्या डेपोत ती एकटी बाई आहे, आणि मागे घेताना तिच्यासारखी गाडी कुणाला घेता येत नाही असं मेकॅनिक सांगतो. तिनं हात वगैरे जोडले नाहीत. गॅलरीत उभी राहून म्हणाली की इथून तिचा थांबा दिसतो. एवढंच. मला भडभडून आलं.

तू प्रत्येक वेळी एका दिवसासाठी येतोस, चहा पितोस आणि पळतोस. एकदा आठवडाभर येऊन राहा, मग नाही म्हण. तू राहून नाही म्हटलंस तर मी पाहुणेवाल्याला स्वतः किल्ली देईन. हा माझा शब्द.

कळावे, लोभ आहे, पण सध्या तो इस्त्रीसारखा तापलेला आहे.

तुझी ताई

०

२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. मी मजेत, परीक्षा मजेत नाही.

घाईघाईत लिहिते कारण आई पोस्टात निघाली आहे. बाबा काल गावाला गेले. कामावरच्या एका मित्राच्या मुलाचं लग्न आहे म्हणाले. आईला बरोबर चल म्हणाले नाहीत, आणि आहेर विसरून गेले. आई म्हणते, हा माणूस तिच्याशिवाय एकाही लग्नाला गेलेला नाही, कारण त्याला तिथे कुणाशी काय बोलावं ते कळत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवत होते, तुझ्या चुका काढायला. रिकाम्या पलंगांपर्यंत आले आणि थांबले. पाणी प्यायले. मग म्हणाले की अक्षर नीट लागत नाही. तुझं अक्षर तर छापल्यासारखं असतं. त्यानंतर दोन दिवस ते बेसिनचा नळ दुरुस्त करत बसले, जो बिघडलेलाच नव्हता.

बॅगेत त्यांनी निळा चौकड्यांचा शर्ट ठेवला, तू दिलेला. लग्नाला तो कुणी घालतं का? मला वाटलं तुला सांगावं. मी सांगितलं हे सांगू नकोस. बसवालीच्या धाकटीचा दात पडला की कळव.

कळावे, लोभ दोन्ही पक्षांचा असावा.

तुझी मनी

०

३ मार्च

चि. मनीस,

अ. उ. आ., आणि एक जास्तीचा, हेरगिरीबद्दल.

तुझे बाबा सापडले. समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पाहुणेवाल्याच्या खोलीत! माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, पडद्याआड. लग्न कसलं नि काय!

ऐक कसे सापडले ते. काल पाहुणेवाल्याचं गाठोडं आलं. चादरी, अभ्रे, टॉवेल, आणि मध्येच एक शर्ट. कुणा पाहुण्याचा शर्ट अधूनमधून येतो, त्यात नवल नाही. मी सवयीनं कॉलर उलटली. लाल दोरा. दोन उभे, एक आडवा. मी तिथेच बाकावर बसले आणि अशी हसले, अशी हसले की शेजारचा किल्लीवाला पळत आला. अगं, माणूस बहिणीपासून लपायला येतो आणि मळका शर्ट बहिणीच्याच लाँड्रीत टाकतो! आपल्या घरात सोमवारी उतरलेला शर्ट दाराबाहेर ठेवायची सवय. ती त्याच्या हाडात आहे, डोक्याला विचारून होत नाही ते.

हसून झाल्यावर डोळे का भरले ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं होतं ये, राहा, मग नाही म्हण. तो आला. माझ्या घरी उतरला असता तर मी खाऊपिऊ घालून आणि बोलबोलून त्याला सही करायला लावली असती, हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघायला तिकडे उतरला. हट्टी आहे, पण प्रामाणिक हट्टी आहे. आबा असेच होते.

काल दुपारी तो पाववाल्याच्या दुकानापाशी उभा होता. दुकान कुठलं, आता तिथेही आकड्यांचं कुलूप. त्यानं हात लावून पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. कुणी ओळखीचं दिसतं का ते बघत असावा. मला हाक मारावीशी वाटली. नाही मारली. रुसलेल्याला हाक मारली की तो आणखी दोन पावलं लांब जातो, हे मी त्याच्याच लहानपणी शिकले.

शर्ट मी हातानं धुतला. खुणेचा आडवा टाका सुटत आला होता, तो नव्या लाल दोऱ्यानं घातला. कडक इस्त्री केली आणि चादरींच्या वर ठेवून परत पाठवला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तुझ्या बाबांना लिहिता-वाचता येतं, बघू काय वाचतात ते.

आईला सांग, काळजी नसावी. आहेर वाचला म्हणावं. दात अजून लटकतोच आहे.

कळावे, लोभ आणि मौन दोन्ही असू दे.

तुझी आत्या

०

५ मार्च, समोरून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. शर्ट पोचला.

हे पत्र चादरींच्या गाठोड्यातून पाठवतो आहे, म्हणजे तुला ते सर्वांत आधी मिळेल. तुला मी इथे आहे हे कधीपासून माहीत आहे ते शर्टानंच सांगितलं. दोन दिवस तू ना शिव्या पाठवल्यास ना डबा. तुझ्या बोलण्याला मी उत्तरं तयार करून आलो होतो. ती सगळी बॅगेत तशीच राहिली.

शर्ट मी दाराबाहेर ठेवला आणि गाठोडं खाली गेल्यावर आठवलं की ते कुठे जातं. जिन्यावरून धावत सुटलो होतो, पण हातगाडी तोवर तुझ्या दाराशी पोचली होती. इतका मूर्ख माणूस बारा जणांवर देखरेख करतो, हे कुणाला सांगू नकोस.

खोली चांगली आहे. स्वच्छ, पांढरी, गरम पाणी चोवीस तास. खोटं कशाला बोलू? पण शेजारी रोज नवा. पहिल्या दिवशी मी जिन्यात एकाला नमस्कार केला, त्यानं मागे वळून पाहिलं, त्याला वाटलं मागे कुणी आहे. संध्याकाळी समोर पाहिलं तर अख्ख्या ओळीत उजेड तुझ्याच दुकानात होता. तू कपड्यांशी बोलत होतीस, ओठ हलत होते. मी पडदा लावून घेतला. मला ते बघवेना.

आज पहाटे फिरायला खाली उतरलो आणि परत आलो तर आकड्यांचं कुलूप मेलं. बॅटरी संपली असणार. माझी हत्यारं घरी, अंगात पातळ सदरा, हवेत गारठा. दार वाजवलं. वरून एकानं खिडकी उघडून खुणेनं सांगितलं की तोही पाहुणाच आहे, आणि खिडकी लावली. कुलपावरच्या फोन नंबरवर एक बाई बोलली, ती बाई नव्हती, यंत्र होतं, एक दाबा म्हणाली. मी एक दाबलं, दोन दाबलं, मग नुसताच दाबत राहिलो. तुझ्याकडे यायचं तर तोंड कुठे होतं?

कोपऱ्यावर बस उभी होती. चालवणारीनं पाहिलं, दार उघडलं आणि आत येऊन बसायला सांगितलं, सुटायला अजून वेळ आहे म्हणाली. आपल्या थर्मासातला चहा झाकणात ओतून दिला. मी कोण हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी इथे भाड्यानं घर मिळतं का असं सहज विचारलं. म्हणाली, समोर लाँड्रीवाल्या मावशी द्यायला तयार आहेत, पण त्यांचा एक भाऊ आहे, तो अडून बसला आहे. मी विचारलं भाऊ कसा आहे. तर म्हणाली, मावशी सांगतात की कापड चांगलं आहे, फक्त सुरकुत्या लवकर पडतात.

ताई, मी त्या बसमध्ये चहा हातात धरून खिडकीकडे तोंड करून बसलो. ती समजली असावी की मला थंडी वाजते आहे. तिनं स्वतःची शाल दिली. अनोळखी माणसाला, पहाटे, काही न विचारता. वर तुझ्या डोक्यावर कोण असावं या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. मी भीत होतो ते तू एकटी असण्याला, आणि तुला आणखी एकटं करायला निघालो होतो. गल्ली थांबेल की नाही ते मला माहीत नाही. तुझा जिना तरी रिकामा नसावा.

उजाडल्यावर पाहुणेवाल्याच्या माणसानं येऊन दार उघडून दिलं. सही केलेला कागद याच पत्रात आहे. शाल माझ्याकडे राहिली आहे, ती धुऊन दे. पाहुणेवाल्याला मीच सांगतो, आणि उसनी हत्यारं घेऊन त्याचं कुलूपही दुरुस्त करून देतो, कारण उद्या तिथे आणखी कुणी अडकेल.

चार वाजता चहाला येतो. दाराला कडी लावू नकोस.

कळावे, लोभ होताच, दिसत नव्हता.

तुझा गुंड्या

०

१४ जून

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. त्या दिवशी चहाला आलास आणि दारातच उभा राहून बसवालीच्या शालीची घडी घालत राहिलास, ते आठवून मी अजून हसते. शाल परत करायला तिला बोलावलं, तेव्हा तिनं तुला ओळखलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. सुरकुत्यांचं बोलणं माझंच होतं हे तिनं शपथेवर सांगितलं. तू उठून तिला नमस्कार केलास, ते मला फार आवडलं. तोंडावर सांगायचं राहिलं.

आता कुशल. पाहुणेवाल्यानं चादरी काढून घेतल्या. शहराबाहेर मोठा धुलाईचा कारखाना आहे, तिकडे स्वस्त पडतं म्हणे. पंधरा दिवस दोऱ्या मोकळ्या होत्या आणि मी थोडी घाबरले, खोटं सांगत नाही. मग बसवाली डेपोतून एक गणवेश घेऊन आली, दुसऱ्या दिवशी पाच आले, आता सगळा डेपो माझ्याकडे आहे. तेलाचे डाग काढून काढून हात दुखतात. पण खिसे आहेत रे! तिकिटं सापडतात, शेंगदाणे सापडतात, एका कंडक्टरच्या खिशात कुणाला तरी लिहिलेली चारोळी सापडली, ती मी न वाचता परत केली. निदान दुसऱ्यांदा वाचली नाही.

पाहुणेवाला स्वतःचे शर्ट मात्र माझ्याकडेच टाकतो. परवा जरा घुटमळला आणि मग म्हणाला की त्यालाही एक खूण हवी. मी राखाडी दिली. पोरगा खूश! त्याच्या शेजारच्या इमारतीतल्या चष्मेवाल्या काकूंनी त्यांचा खालचा मजला त्याला द्यायचं कबूल केलं होतं, तो शब्द फिरवला आणि मजला एका नर्सला दिला. मला येऊन मोठ्या तोऱ्यात सांगून गेल्या, जणू कल्पना त्यांचीच. मी कौतुक केलं. तुझ्या बहिणीला मोठेपणाही येतो कधीकधी.

वर आता गोंगाट आहे. सासूबाई पहाटे खोकतात, थोरली गॅलरीत पाठांतर करते, धाकटी जिन्यावर उड्या मारते. काल मी दुपारी पडले होते, नुसतीच पडले होते, झोपायला. दुकान बंद दिसलं म्हणून सासूबाई, दोन्ही मुली आणि नवरा असे चौघं धावत खाली आले. नवऱ्यानं माझी नाडीसुद्धा बघितली. मी रागावले खूप. मग सगळ्यांना चहा केला.

आणि मनीला सांग, दात पडला. सोमवारी धाकटीच्या फ्रॉकच्या खिशात सापडला, कागदात गुंडाळलेला. मी तो घेऊन स्वतः जिना चढले, आबांसारखी, गुडघे मोडत. बसवालीनं दार उघडलं. तिला आता सायकल मारावी लागत नाही. डेपोतला माणूस तिची बस रात्रीच कोपऱ्यावर आणून लावतो. अंधारात वर तिच्या चपला वाजतात, जिना उतरतात, माझ्या खिडकीवर दोन टिचक्या पडतात आणि मी आतून खोकून सांगते की जिवंत आहे. गल्लीतली पहिली बस आता आपल्या जिन्यावरून सुटते.

कळावे, लोभ वर-खाली दोन्ही मजल्यांवर आहे.

तुझी ताई

ता. क. बसवालीच्या घराला खूण कुठली द्यावी म्हणून दोऱ्यांचा खण त्यांच्यापुढे ठेवला, तर धाकटीनं नेमकं लाल रिळावर बोट ठेवलं, आपल्याच. मी म्हटलं ती माझ्या भावाची आहे. तो इथे राहत नाही तर त्याची खूण का ठेवायची, हे तिला काही पटेना. शेवटी घड्याळजींना फोन करून विचारलं, त्यांनी आपला पिवळा ठिपका आनंदानं देऊन टाकला. तुझी कुणाला दिलेली नाही. पुढच्या वर्षी नोकरीतून सुटशील तेव्हा ये, आणि शर्ट मळकाच घेऊन ये.